वाऱ्याला न उघडणारं झाकण

चार वर्षांपूर्वी बाबांनी बनवलेली एक कचरापेटी वादळात उलटली, गडगडत रस्त्यावर गेली आणि एका सायकलवाल्याचं खांद्याचं हाड मोडलं. तो बरा होऊन पुन्हा सायकल चालवू लागला. बाबा मात्र वारा सुटला की जेवताजेवता थांबतात.

यंदा समुद्रकाठच्या रस्त्यासाठी नव्या पेट्यांचं काम निघालं, तेव्हा नमुन्याच्या पेटीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं. बुडाशी काँक्रीट, जमिनीत चार बोल्ट, झाकणाला जाडजूड स्प्रिंग. टेम्पोला दोर बांधून पेटी ओढून पाहिली, टेम्पोच कुरकुरला. आठवडाभर ती तिथे बसवून ठेवायची, मग नगरपालिकेचे साहेब बघून बाकीच्या पेट्यांना होकार देणार.

त्या आठवड्यात दोनदा वारा पिसाटला. पेटी ढिम्म. बाबा रोज जाऊन बघून येत. "आत कचराच नसतो गं," ते कौतुकाने म्हणाले, "लोक सुधारले." लोक आठवड्यात सुधारत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण बापाचा चेहरा इतका खुललेला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

साहेब यायच्या आदल्या दुपारी बाबांनी चष्मा शोधायला आईच्या पिशवीत हात घातला. निघाली संत्र्याची सालं. वाळलेली, कालची, आजची. आई रोज त्या पेटीशेजारच्या बाकावर बसून संत्रं खाते. आजारपणापासून तिच्या हातांत जोर नाही.

"पेटी होती ना शेजारी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीत डोकं घातलं.

"उघडत नाही हो," ती म्हणाली. "माझाच हात मेला तसला. तुम्ही एवढे खपलात."

बाबांनी सालं तळहातावर घेऊन पाहिली. वेल्डिंग करून राठ झालेले ते पंजे. स्प्रिंग त्याच पंजांनी दाबून पारखली होती.

मग त्यांनी साहेबांना फोन केला. पेटीत खोट आहे, आठ दिवस द्या, असं आपण होऊन सांगितलं. काम हातचं जाईल, मी म्हणाले. "जाऊ दे," ते म्हणाले.

तेव्हापासून आई वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसते. बाबा स्प्रिंग बदलतात, आई दाबते, नाही म्हणून मान हलवते. काल पाचवी लावली. झाकण करकरत चार बोटं उघडलं आणि तिने साल आत सरकवलं. बाबांनी लगेच मोठा पंखा पेटीसमोर ओढून सुरू केला. झाकण थरथरलं, पण मिटलेलंच राहिलं. दोघंही त्याच्याकडे टक लावून होती.

"पंखा अजून मोठा करा," आई म्हणाली.