पहिला कडू घोट

आमच्या मॉन्टेव्हिडिओच्या ऑफिसात माते सगळे पितात, करायचं मात्र मी. भोपळ्याच्या एकाच भांड्यातून, एकाच नळीने सगळा कंपू हा कडू चहा ओढतो. त्यातही रीत अशी, की पहिलं भांडं करणाऱ्यानेच प्यायचं. ते इतकं कडू जहर आणि पाल्याच्या भुकटीने भरलेलं असतं, की दुसऱ्याला देणं म्हणजे अपमान. म्हणजे पहिला घोट रोज माझा. टीममध्ये बाई मी एकटीच, हे वेगळं सांगायला नको.

दूध संघासाठीचा कॉम्प्युटर प्रोग्रॅमही मीच लिहिला. कुठला टँकर कुठल्या गोठ्यावर केव्हा जाईल, पाऊस झाला की कुठला रस्ता बंद होतो, सगळं. त्यासाठी टँकरवाल्यांच्या शेजारी बसून चिखलातून हिंडले. आमच्या टीममधला मावरो तेव्हा ऑफिसात बसून स्क्रीनवरच्या बटणांचे रंग ठरवत होता. काम संपलं की टीमची प्रमुख तूच, असं आमच्या साहेबाने, नेल्सनने, मला तोंडावर सांगितलं होतं.

काल संघाचे सोसा प्रोग्रॅम बघायला आले. सगळे बसले. नेल्सनने मावरोच्या खांद्यावर हात टाकला.

"हा आमचा मावरो. सगळं डोकं याचं. आजपासून टीमचा प्रमुखही हाच."

कोणी सणसणीत कानाखाली वाजवावी तसं झालं मला. मी नेल्सनला बाजूला घेतलं.

"तू मला शब्द दिला होतास."

"अगं यानिना, लोकांसमोर बोलायला पुरुष बरा पडतो. आणि तुझं डोकं किती चटकन तापतं! जा पोरी, माते कर. पाहुणे खोळंबलेत."

पोरी! माझे केस पिकायला लागलेत, आणि हा मला पोरी म्हणतो.

केलं माते. नवा पाला घातला, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. भांडं तोंडाला न लावता सरळ मावरोसमोर धरलं.

तो दचकला. "अगं, पहिलं तुझं ना?"

"आजपर्यंत होतं. आता प्रमुख तू. घे की."

कोणी हसलं नाही. रीत सगळ्यांनाच ठाऊक. पाहुण्यांदेखत नाही तरी कसं म्हणणार? त्याने ओढलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मला अजिबात दया आली नाही.

सोसांनी घसा खाकरला. "बरं, टँकर निघाल्यावर वाटेत ओढा चढला तर? तुमचा प्रोग्रॅम काय करतो?"

मावरोने नेल्सनकडे पाहिलं, नेल्सनने माझ्याकडे.

"यानिना, सांग ना पटकन."

"प्रमुखाला विचार. डोकं त्याचं आहे ना?" मी थर्मास उचलला, मावरोच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "सोसासाहेब, उत्तर प्रोग्रॅममध्येच आहे. मी लिहिलंय. यांना सापडतं का बघा."

थर्मास आणि भांडं माझं होतं, ते घेऊन मी निघाले. प्रोग्रॅम मात्र करारात कंपनीचा. तो तिथेच सोडून यावं लागलं, आणि तो संताप अजून जिरलेला नाही.

जिन्यात पोचते तोवर नेल्सन मागे धावत आला. "यानिना, एवढं एकच सांगून जा गं!"

मी पायरीवर बसले, भांड्यात पाणी ओतलं आणि त्याच्यादेखत सावकाश प्यायले. पहिला घोट दुसऱ्याने घेतला की माते इतकं छान लागतं, हे मला माहीतच नव्हतं.