आतलं कापड

"सिस्टर, आकडा मोठ्यानं वाचू नका," काकूंनी मला वजनकाट्याजवळ गाठून कानात सांगितलं. "वजन उतरतंय हे यांना अजून कळलेलं नाही."

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मास्तर, चार पावलांवर भिंतीला धरून चपला काढत होते. माणूस निम्मा झाला होता आणि म्हणे त्याला कळलेलं नाही! पण काकू इतक्या खात्रीनं बोलत होत्या की मी मान डोलावली. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, त्यामुळे आकडा कागदावर खरा लिहिला. तोंड मात्र मिटून ठेवलं.

मास्तर आत खुर्चीवर बसल्यावर काकूंनी युक्ती सांगितली. "दर आठवड्याला मी यांच्या पँटची मागची शिवण थोडी आत घेते. दुपारी डोळा लागला की. कंबर बरोबर बसते, म्हणजे तब्येत आहे तशीच आहे, असं वाटतं त्यांना."

केमोच्या खोलीत सव्वीस वर्षं काढली मी. शीर सापडत नसलेल्या हाताला सुई लावणं मला जमतं. घरची माणसं एकमेकांपासून जे लपवतात ते सांभाळणं अजून जड जातं. पण हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. कारण मास्तर चाळीस वर्षं मशीनवर बसलेले शिंपी होते, आणि काकू निघाल्या होत्या त्यांच्यापासूनच शिलाई लपवायला!

काकू चहा आणायला गेल्या तशी मास्तरांनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि पँटची कंबर आतून उलटी करून दाखवली.

"बघा. निळ्या पँटला काळा दोरा. आणि टाके कसे, कोंबडी चालून गेल्यासारखे."

"म्हणजे तुम्हाला माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून. काज-बटणं झकास करते हो ती. कंबर मीच कधी करू दिली नाही." हसता हसता ते थांबले. "आता शिकवायचीये. दुकान तिलाच चालवायचंय. पण मी 'माझ्यानंतर' म्हटलं की ही उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्याकडे दिवस थोडे आहेत, सिस्टर. पण तुम्ही बोलू नका. तिला वाईट वाटेल."

घ्या! दोघांची गुपितं माझ्याच खिशात. आठवडाभर मला चैन पडलं नाही. भांडी घासताना मी त्या दोघांशी मनातल्या मनात भांडत होते.

पुढच्या खेपेला सलाईन सुरू केल्यावर मी काकूंना बाजूला घेतलं. "मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्ही फक्त त्यांना विचारा, पँट कशी बसतेय."

"का?"

"विचारून तर बघा."

काकूंनी स्टूल पुढे ओढलं. बराच वेळ त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "अहो, पँट... नीट बसतेय ना?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बसतेय. डावीकडे जरा ओढतेय. दोरा फार ताणतेस तू."

काकूंचा हात तोंडाशी गेला. आधी त्यांना हसूच आलं, आणि मग ते हसू रडण्यात कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. मास्तरांनी सुई नसलेल्या हातानं त्यांचं मनगट धरलं. मी पडदा ओढून घेतला. त्यांच्यासाठी ओढला, आणि थोडा माझ्यासाठीही.

त्यानंतर काकू दर खेपेला निळा दोरा आणि खडू घेऊन येऊ लागल्या. मास्तर दुसरी पँट घालून यायचे; ती निळी काकूंच्या मांडीवर असायची आणि मास्तर खुर्चीतून हुकूम सोडायचे. "खडूची रेघ सोडू नको. अगं, घाई काय आहे? आणि कात्री ठेव बाजूला! आतलं कापड कापायचं नाही. पुढं कंबर वाढली तर सोडायला लागतं."

"आता कशाला सोडायला लागतंय?" एकदा काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"लागतं कोणालातरी," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

मास्तर गेल्यावर दीड महिन्यानं काकू आल्या. दुकानातून थेट आल्या असाव्यात, गळ्यात टेप तशीच होती. त्यांनी माझ्या हातात ती निळी पँट ठेवली, धुऊन इस्त्री केलेली.

"तुमच्याकडे कोणी बरं होत असेल, अंगानं भरत असेल, तर त्याला द्या. आत सगळं कापड आहे."

मी कंबर उलटी केली. एकामागे एक सात शिवणी होत्या. पहिल्या काळ्या दोऱ्याच्या, वाकड्यातिकड्या. मग निळ्या, हळूहळू सुधारत गेलेल्या. शेवटची पट्टी धरून आखावी तशी सरळ.

काकू माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. "डावीकडे ओढतेय का हो?"

मी शिवणीवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

"नाही काकू," मी म्हटलं. "कुठंच ओढत नाही."