खुळखुळ्यातला महिना

खुळ्ळ.

भर दुपारच्या शांततेत एवढासा आवाज झाला आणि तिच्या डोक्यातला आकडा भुर्रकन उडाला. दोनशे बारा होते की दोनशे एकवीस? सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता तिने कान दिला. पलीकडच्या खोलीत भुंगी उठली होती. तिची तीन वर्षांची लेक जागेपणी सारखी गुणगुणायची, म्हणून घरात तिला सगळे भुंगीच म्हणत. उठल्यावर डोळे उघडायच्या आधी उशाखालचा खुळखुळा हलवून ती वर्दी द्यायची.

"उठल्या महाराणी," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तू बस, मी बघते. नाहीतर तुझ्या गोगलगायी पळून जायच्या."

"गोगलगायी कुठे पळतात, आई?"

"तुझ्या कामाचा वेग बघून मलाही तसंच वाटायला लागलंय."

ती हसली. असं बोलणारी सासू होती म्हणून तर या मागच्या छोट्या खोलीत, दाराला वरची कडी घालून आणि खिडकी सताड उघडी टाकून, तिला दुपारचे दोन तास मिळत होते. फळीवर बारा महिन्यांच्या बारा बाटल्या होत्या. उष्ण समुद्राच्या वरच्या थरात आयुष्यभर तरंगणाऱ्या गोगलगायी त्यात होत्या. तांदळाच्या कणीएवढा जीव, पायाचे झालेले दोन पंख आणि अंगावर काचेसारखा पातळ शंख. कुठल्या महिन्यात त्या किती येतात, एवढंच तिला शोधायचं होतं. त्यासाठी दर महिन्याला बोट त्याच जागी जायची. जाळ्यात आलेलं सगळं एका खोक्यात ओतून त्याचे दोन सारखे वाटे करायचे, एक बाटलीत भरायचा आणि दुसरा समुद्राला परत द्यायचा.

वर्ष संपता संपता भुंगी झाली, उरलेल्या फेऱ्या बोटीवरच्या माणसांनी केल्या आणि बाटल्या तीन वर्षं समुद्र-संशोधन संस्थेच्या कपाटात पडून राहिल्या. आता कुठे संस्थेच्या मोठ्या बाईंनी त्या घरी नेऊ दिल्या होत्या, पण बजावून. "सोमवारी बारा महिन्यांचा तक्ता माझ्या टेबलावर हवा. अकरा महिन्यांचं वर्ष मला चालत नाही. नाही जमलं तर तसं सांग, तुझ्या जागेसाठी दुसरी मुलगी तयार आहे."

दोनशे बाराच होते. तिने पुन्हा मोजून खात्री केली, आकडा लिहिला आणि बारावी बाटली खाली घेतली. भुंगीच्या जन्माचा महिना. गोड घास शेवटी, म्हणून मुद्दाम मागे ठेवलेला. आधीच्या महिन्यात तीनशे चार, नंतरच्या महिन्यात दोनशे बारा. म्हणजे हा भर हंगाम.

काचेखाली मऊ, चुरगळलेली शरीरं होती. शंख एकही नव्हता.

तिने बाटलीतल्या पाण्यात लिटमस कागद बुडवला. तो लालभडक झाला. नमुने टिकवायचं ते औषध हळूहळू आंबट होत जातं आणि शंख खाऊन टाकतं. म्हणून आंबटपणा मारायला प्रत्येक बाटलीत चिमूटभर टाकणखार घालायचा असतो. या बाटलीत औषध घालून तिने ती कळा सुरू झाल्या त्या सकाळी बोटीवर पाठवली होती, एक हात कमरेवर ठेवून. टाकणखार राहिला. चूक दुसऱ्या कुणाची असती तर निदान चिडता तरी आलं असतं.

आता तक्त्यात शून्य लिहायचं, तर ते खोटं. आणि घर रिकामं ठेवायचं, तर सोमवारी रिकाम्या हाताने परत यायचं.

ती कडी काढून बाहेर आली. सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि चहाचा कप पुढे सरकवला. त्यांच्या कडेवरून भुंगीने खुळखुळा तिच्या कानाशी नेला. खुळ्ळ.

औषधाच्या गोळ्यांची लांबट डबी, वरून जाळी बांधायची लाल पट्टी घट्ट गुंडाळलेली. बाळ बघायला आले तेव्हा बोटीवरच्या जाळेवाल्या काकांनी ती दिली होती. काय म्हणाले होते काका? "तुमच्याच समुद्रातलं आहे, बाई." किनाऱ्यावरच्या शिंपल्या असतील, असं ती धरून चालली होती. त्या दिवसांत तिचे डोळे उघडे राहत होते, तेच खूप होतं.

तिने फोन लावला.

"काका, भुंगीच्या खुळखुळ्यात काय भरलंत हो?"

"फुटला का? दुसरा करून देतो."

"फुटला नाही! आत काय आहे?"

"तुमच्या गोगलगायीच की. तुम्ही दवाखान्यात होतात ना, त्या दिवसाच्या. वाटे करून झाले, एक बाटलीत भरला, तेवढ्यात निरोप आला की मुलगी झाली. मग दुसरा वाटा समुद्रात टाकायला माझा हात उचलेना. गोड्या पाण्यात धुतला, सुकवला, शंख निवडले."

"त्यातले किती घेतलेत?"

काका दुखावले. "किती म्हणजे? सगळे. पोरीचा वाटा होता तो. त्यातला एक शंख इकडचा तिकडे केला नाही मी."

तिने भुंगीच्या हातातल्या डबीकडे पाहिलं.

"बाई? चुकलं का माझं काही?"

"काका, तुम्ही माझं वर्ष राखलंत."

"काय चाखलं? इंजिनापायी कान गेलेत माझे, मोठ्याने बोला!"

"खूप उपकार झाले म्हणतेय!" ती ओरडली.

"आम्हालाही पोचले," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

आता फक्त मालकिणीची परवानगी राहिली होती.

"उघडू का ग? सगळे परत भरून देईन."

भुंगीने खुळखुळा पाठीमागे लपवला. "आवाज सांडला तर?"

"सांडू देणार नाही. शप्पथ."

"मग मी पण मोजणार."

पट्टी निघाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, काळ्या कागदावर, पांढरा चुरा आणि शंख पसरले. तीन वर्षं हलवून बरेच फुटले होते, पण नियम सोपा होता. टोक शाबूत असलेला तुकडा म्हणजे एक गोगलगाय, बाकीचा चुरा मोजायचा नाही. मांडीवर बसून भुंगी मोजत होती, "एक, दोन, पाच, अकरा," आणि ती भिंगातून बघत, ओल्या कुंचल्याने एकेक टोक बाजूला सारत होती. वर्षभर बोटीवर उलट्या काढत ती हे जीव गोळा करत होती. त्यातला भरलेला महिना तिच्या लेकीच्या उशाखाली झोपत होता.

तीनशे सेहेचाळीस. वर्षातला सगळ्यात मोठा आकडा.

तिने तो लिहिला, वर तारा काढला आणि खाली खरंखरं लिहून टाकलं. बाटलीत टाकणखार घालायचा राहिला, चूक माझी. मोजणी त्याच दिवसाच्या दुसऱ्या, सुकवलेल्या वाट्यावरून केली आहे. बरेच शंख फुटलेले असल्याने खरा आकडा याहून थोडा जास्त असू शकेल. वाटा जाळेवाल्या काकांनी जपला, त्यांचे आभार. तक्त्याचा फोटो तिने मोठ्या बाईंना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "टीप तक्त्यापेक्षा लांब झालीय. पण वर्ष पुरं झालं. सोमवारपासून ये."

तोवर शंख परत डबीत गेले होते आणि पट्टीही गुंडाळून झाली होती. भुंगीने कान लावून हलवून बघितलं. खुळ्ळ. आवाज सांडला नव्हता. ती आईच्या कुशीत शिरली, थोडा वेळ गुणगुणली आणि मग एकदम थांबली.

"आई, काकांच्या जाळ्यात आलेच नाहीत, ते कोणी मोजले?"