हाक पिनेला, ओ माझी

"पिन कुठाय?"

"बारीक पिनेचा चार्जर आहे का? चपटी चालत नाही."

"उगाच पिना मारू नका हं."

"पिन टाका, मग उघडेल."

"बाबांची पिन अडकली."

मित्रांनो, या पाचही वाक्यांना मी ओ दिली आहे. त्यातल्या एकाच वेळी माझं काम होतं.

मी एक जुनी पिन आहे, स्टोव्हची. बोटभर पत्र्याची पट्टी आणि टोकाला केसासारखी तार. रॉकेलच्या स्टोव्हच्या तोंडात काजळी अडकली की ज्योत पिवळी पडून फुरफुरते. तेव्हा माझी तार त्या भोकात घालायची, की ज्योत पुन्हा निळी. मिस्त्री स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात माझं घर होतं आणि पिन म्हटलं की मीच.

मग एकेक सवत आली. मिस्त्रीणबाईंच्या केसांतल्या पिनांना आरसा मिळाला, मला काजळी. चार्जरच्या पिनेला उशाशी जागा. आणि बोलण्यातली पिन? दिसत नाही, पण मिस्त्रीणबाई ती अशी टोचायच्या की मिस्त्री हसत सुटायचे. मी टोचले तर "आई गं" म्हणायचे.

शेवटी तो आला.

लेकीने बापाला फोन घेऊन दिला. "बाबा, यात तुमच्या मनाने चार आकडी पिन ठेवा. कुणाला सांगायचा नाही, मलाही."

"तुझ्या आईला?"

"आईला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

"ऐकतेय मी," मिस्त्रीणबाई आतून म्हणाल्या.

ना तार, ना पत्रा, आणि राहायला थेट मनात. मी जळले. जळणं म्हणजे काय, हे मला स्टोव्हकडून नीट ठाऊक आहे.

त्याच दुपारी मिस्त्रींनी खिळ्याने माझ्या पट्टीवर काही कोरलं. मला वाचता येत नाही. मला वाटलं, दागिना केला. फोनला केलाय का कुणी?

पुढे गॅस आला, स्टोव्ह भंगारात गेला, मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. मिस्त्री मात्र रोज त्या फोनमध्ये नातीसाठी गोष्टी बोलून ठेवायचे. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

मग मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. दोन-तीन शब्द उरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांचाच जुना आवाज रोज ऐकवा. ऐकून ऐकून जीभ वळेल."

आवाज फोनमध्ये आणि फोन बंद.

"बाबा, पिन काय?"

"पिनवर."

"हो, पिनच विचारतेय. आकडे कोणते?"

"पिनवर."

"आई, बाबांची पिन अडकली."

लग्नाची तारीख झाली, लेकीचं जन्मसाल झालं, घराचा नंबर झाला. "आता एकदाच," लेक म्हणाली. "चुकलं तर फोन सगळं पुसून टाकेल."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी मनात म्हटलं, पुसू दे. एकदाची ब्याद जाऊ दे.

मिस्त्रीणबाई नवऱ्याशेजारी बसल्या. "जन्मभर मी पिना मारल्या, त्याचा सूड घेताय होय?"

मिस्त्रींनी चांगला हात उचलला. शर्टाच्या वरच्या रिकाम्या खिशावर दोनदा टिचकी मारली.

बाई हसता हसता थांबल्या. उठल्या. मला खिळ्यावरून काढलं आणि ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली.

"अगं, पिनवर म्हणजे पिनवर," त्या लेकीला म्हणाल्या आणि चार आकडे वाचले.

म्हणजे तो दागिना माझा नव्हताच. सवतीचं नाव अंगावर गोंदून मी इतकी वर्षं मिरवत होते.

फोन उघडला. "ऐक गं चिमे," खोलीत मिस्त्रींचा धडधाकट आवाज आला. खाटेवरच्या मिस्त्रींचे ओठ हलले. तिसऱ्या आठवड्यात त्यातून "चिमे" बाहेर पडलं.

माझा मत्सर गेला असं समजू नका. पण आता मी पुन्हा खिशात असते. तो चार आकडी माझ्या पाठीवर असतो, आणि मी मिस्त्रींच्या छातीशी. म्हणून सांगते, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिची पाठ एकदा पुसून बघा.

मला विकत आणलं त्या दिवशी मिस्त्रीणबाईंनी विचारलं होतं, "एकच आणलीत?" मिस्त्री म्हणाले होते, "जपली तर एक पुरते."