तेलकट अंगठ्याची नोट

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे, पाच पोआंची, आणि गेल्या महिन्यात मी रद्द झाले. पण ते राहू द्या. तसे काही झालेच नाही असे धरून आपण पुढे जाऊ. आमच्या बेटावर सरकारही असेच पुढे जाते.

माझा जन्म परदेशात झाला, कारण आमच्याकडे छापखाना नव्हता. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी मी बोटीतून उतरले. दुसऱ्या दिवशी झेंडा उलटा चढला, तरीही सगळे रडले. मग नाच झाला. आमच्याकडे नाचणाऱ्या मुलीच्या अंगाला खोबरेल चोपडतात आणि नाच आवडला की उठून तिच्या खांद्यावर नोट चिकटवतात. फेतुई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचे वडील मासेमारी करत. मुलीचे कौतुक त्यांनी जन्मात केले नव्हते. ते उठले, मला तिच्या खांद्यावर ठेवले, अंगठ्याने दाबले आणि परत येऊन बसले.

"काय रे, आवडलं वाटतं?" शेजाऱ्याने विचारले.

"ऊन लागत होतं तिला," ते म्हणाले.

त्यांचा तेलकट अंगठा माझ्यावर उमटला तो कायमचा. पुढच्याच वर्षी त्यांची होडी परत आली नाही.

फेतुईने मला कधी मोडले नाही. बाकीच्या नोटांनी बाजार पाहिला, साबण पाहिला. मी सत्तेचाळीस वर्षे चटईखाली काढली. नात नाचेल तेव्हा तिच्या खांद्यावर लावायची, असे ती मला सांगायची. दुसऱ्या कोणाला सांगितले नाही, तेवढे चुकलेच.

मग सरकारने पैसे फोनमध्ये घातले आणि नोटा जमा करायला मुदत दिली. नाचाचे काय, असे कोणी विचारले, तेव्हा अधिकाऱ्यांनी एका मुलीच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवून दाखवला. तो तेलावरून घसरत तिच्या टाचेपाशी गेला. दोन बायका फोन घेऊन त्याच्यामागे रांगल्या. चाचणी यशस्वी झाल्याचे जाहीर झाले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नात मेलेआनेने चटई झाडली. मी सापडले. आजी विसरली, असे वाटून ती मला घेऊन धावत सुटली. नोटा जमा करायच्या खिडकीतल्या कारकुनाने मला भोक पाडले, नेमके अंगठ्यावर.

"आजी, वाचवले बघ तुझे पाच पोआ. तासभर उशीर झाला असता ना, तर नुसता कागद उरला असता."

फेतुईने आपल्या फोनवर जमा झालेले पाच पोआ पाहिले.

"गुणाची गं माझी बाई," ती म्हणाली. "जेवलीस का?"

स्वातंत्र्यदिनी अधिकाऱ्यांनी मला काचेत घालून मांडवात टांगले, खाली 'जुने चलन' अशी पाटी लावली. मेलेआने नाचली. फेतुई उठली. तिच्या हातात काहीच नव्हते. तिने नातीच्या खांद्यावर नुसता अंगठा दाबला.

"आजी, फोन कुठंय तुझा?"

"ऊन लागत होतं तुला," फेतुई म्हणाली आणि जाऊन बसली.

मी तिथून सहा हातांवर होते.

मित्रांनो, दुसऱ्याची चटई झाडताना आधी त्याला विचारत जा. बाकी माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

मा. चलन अधिकारी यांस विनंती, की अर्जदाराचे भोक बुजवून तिला एका नाचापुरती रजा मंजूर व्हावी. नाच संपताच अर्जदार काचेत हजर होईल.

सोबत: अंगठा, अर्धा.