पिवळ्या लिव्हरची कबुली

मी एक जुना लिव्हर आहे. एका छोट्या ट्रॅक्टरच्या सीटशेजारी, डाव्या हाताला माझी जागा. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जो तो छाती फुगवतो. मला मात्र मान खाली घालूनच बोलावं लागणार आहे.

माझं काम तसं सोपं. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरणारा दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. गवत कापायचं यंत्र त्याला जोडलं की इंजिनाच्या जोरावर पाती फिरतात. मला पुढे ढकललं की दांडा फिरतो, मागे ओढलं की सुटतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या बुडाच्या पिनेत ताजं ग्रीस होतं आणि मी दोन बोटांनी हलायचो.

फळबागेचे मालक, म्हणजे बाबा, आणि त्यांची धाकटी मुलगी आम्हाला सांभाळत. धाकटी कॉलेज संपवून बागेतच रमली होती. झाडांच्या ओळींमधलं गवत तिच्याइतकं नेटकं कोणी कापत नसे. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "ट्रॅक्टर तिचाच, मी आपला मागे फिरतो."

एकदा बाबांनी हौसेने मला रंगवलं. पिवळाधमक! ब्रश चांगला भिजवून त्यांनी पिनेवरून आणि ग्रीस भरायच्या इवल्याशा निप्पलवरूनही दोन हात फिरवले. येणारा-जाणारा म्हणे, "वा, नवाच दिसतोय." मी हुरळून गेलो. रंग पिनेच्या फटीत उतरून सुकतोय, हे मला कळत होतं. निप्पल बुजलं, वर्षभर ग्रीसचा थेंब मिळाला नाही, तरी कौतुकापुढे मला त्याचं काही वाटलं नाही. त्याची आज लाज वाटते. पण खरी लाज पुढेच आहे.

एका सकाळी ओलं गवत पात्यांत अडकलं. धाकटीने क्लच दाबून मला मागे ओढलं. मी अर्ध्यात अडलो. बाहेरून सुटल्यासारखा दिसत होतो, आतून सुटलो नव्हतो.

"ओढलास?" बाबांनी मागून विचारलं.

"ओढला."

बाबा गवत काढायला वाकले. धाकटीने क्लचवरचा पाय उचलला आणि पाती गर्रकन फिरली. तिने त्याच क्षणी क्लच दाबून चावी बंद केली. बाबांची बाही कोपरापर्यंत फाटली. हात वाचला, तोही थोडक्यात.

बाबा तिथेच मातीत बसले. म्हणाले, "लिव्हर पूर्ण ओढायला हातात जोर लागतो. उद्यापासून तुझा काका बसेल सीटवर."

वाकण्याआधी इंजिन बंद केलं नव्हतं, ही तिची चूक होतीच. ती तिने मान्य केली. माझी चूकसुद्धा तिने आपल्याच पदरात घेतली. तिचे डोळे भरून आले आणि मी तिच्या हाताशी चकचकीत पिवळा उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी, मग पाय टेकवून. घामाघूम झाले. पण आदल्या संध्याकाळीच "हे पोरींचं काम नाही" असं बोलून बसलेले, आता कोणत्या तोंडाने सांगणार? "गिअरबॉक्सच गेलाय," असं म्हणून त्यांनी फिटरला बोलावलं. फिटरनेही पाने काढून मांडले.

धाकटी शेडच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "उघडण्याआधी खालची सळई सोडून बघूया का?"

चावी काढून तिने खिशात टाकली आणि मला गिअरबॉक्सशी जोडणारी सळई सोडली. गिअरबॉक्सकडचा भाग सहज मागेपुढे झाला. मी एकटाच ताठ. चारचौघांत उघडा पडलो. तिने पॉलिश पेपरने रंग खरवडला, पिन ठोकून बाहेर काढली. वाळका रंग आणि गंज यांनी ती बरबटली होती. सगळं घासून, निप्पलचं तोंड मोकळं करून तिने पिन परत बसवली, ग्रीस भरलं आणि सळई जोडली.

"आता ओढा, बाबा."

बाबांनी करंगळीने ओढलं. मी मुकाट्याने पार मागे आलो. त्यांनी खाली पडलेली रंगाची खपली उचलली. "रंग मीच दिला होता," ते म्हणाले. "तुझ्या हाताला उगाच बोललो. बस तुझ्या जागेवर." काका फिटरला चहा विचारत बाहेर सटकले.

आता मला दर पंधरवड्याला ग्रीस मिळतं. मित्रांनो, यंत्राला रंग द्या, पण त्याचे सांधे बुजवू नका. आणि काही अडलं तर आधी माणसाच्या हाताला नावं ठेवू नका.

तरी मला माफी मिळालेली नाही. काम थांबवताना धाकटी मला ओढते, चावी काढून घेते, खाली उतरते आणि मागचा दांडा खरंच थांबलाय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तोवर कोणाला जवळ फिरकू देत नाही. मी कितीही नीट मागे आलो, तरी माझ्यावर तिचा विश्वास नाही. तो पुन्हा कधीच बसू नये, एवढंच माझं मागणं आहे.