उत्तर तिचं तिला देऊ द्या

मी बोलतेय ती परभणीच्या एका दवाखान्यातली प्रश्नावली. प्लास्टिकात मढवलेली, कोपऱ्यांना जराशी उकललेली. माणूस स्वतःला किती मोलाचं समजतो, ते मोजायचं माझं काम. ज्वारी तोलण्याइतकं सोपं नाही हो ते.

माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानातला. वाक्यं मात्र कुठल्याशा मोठ्या शहरातल्या शिकल्यासवरल्यांची. प्रत्येक वाक्यापुढे 'अगदी खरं'पासून 'अगदी खोटं'पर्यंत चौकोन. स्केचपेननं खुणा करायच्या, मग इथल्या समुपदेशक धम्मशीलाताई बेरीज करणार आणि ओल्या फडक्यानं मला पुसणार. पुसलं म्हणून मी विसरते थोडीच!

आधी मला वाटायचं, आपण लई हुशार. मग कळलं, इथं माणसाला स्वतःबद्दल विचारलं की तो आधी सोबत आलेल्याच्या तोंडाकडे बघतो. 'माझ्यात चांगले गुण आहेत' म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. आपणच आपली लाल कशी करावी?

राजेश्री ताडकळसची. पोटातलं लेकरू गेल्यापासून तिनं मनातलं बोलणंच टाकलं होतं. सासू पार्वतीबाई तिला एसटीनं घेऊन यायच्या, तिची पाण्याची बाटलीसुद्धा स्वतः धरायच्या. वाईट बाई नव्हे, जीव लावणारी. परवा ताई म्हणाल्या, "आज बेरीज चांगली आली तर येणं बंद करू." मला राजेश्रीच्या हातात देऊन त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या.

पार्वतीबाईंना वाचता येत नाही. "वाच गं," त्या म्हणाल्या.

राजेश्रीनं हळू वाचलं, "माझ्यात चांगले गुण आहेत."

"लय हायेत. खऱ्यावर कर खूण."

"माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

"अडतंय की. तू दोन दिस माहेरी गेलीस तर घर खायला उठतंय. खोट्यावर कर."

पेन सासूच्या बोलाप्रमाणे फिरत होतं. बोटं मात्र राजेश्रीची, आणि ती थंडगार पडलेली. मला धडकीच भरली. बेरीज अशी फक्कड येणार, की ही पोर आज घरी जाणार आणि पुन्हा तिला कुणी काही विचारणार नाही. ओरडायला मला तोंड कुठलं?

ताई परत आल्या. त्यांनी हात पुढे केला, तर राजेश्री मला सोडेना. 'माझ्यावाचून'पुढची खूण तिनं नखानं खरवडून काढली आणि नवी खूण 'अगदी खरं'वर केली.

खूण दुसऱ्या टोकाला गेलेली पार्वतीबाईंना दिसली. "अगं, मी हितं असताना?"

"तुमी हितं हाव म्हणूनच बोलता येईना, आत्या," ती म्हणाली. "खरं बोललं की तुमाला वाईट वाटतंय. मंग मी सगळं बरं हाय म्हणते."

पार्वतीबाई उठल्या. पाण्याची बाटली सुनेजवळ ठेवून त्या बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. ताईंनी मला पुसलं आणि पहिल्यापासून विचारायला घेतलं. यावेळी बेरीज इतकी कमी आली की माझाच जीव गलबलला. पण राजेश्रीला पुढची तारीख मिळाली.

आता मी टेबलावर पडून आहे. तिच्या नखाचा ओरखडा फडक्यानं जात नाही. तिला बरं वाटेल का, मला ठाऊक नाही. एवढंच मागते, माझ्यासमोर आपलं माणूस बसवलंत तर घटकाभर उठून बाहेर जा. माया बाकड्यावर थांबली म्हणून आटत नाही.